समुद्रातले ग्रीक आणि आमची आई

म्युझियममध्ये नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, काय शांतता असेल! पुतळे तेवढे गप्प असतात हो, बाकी सगळे बोलतात. आणि मी दचकते. त्यामुळे किस्से आपोआप साठतात.

वेलिंग्टनला आमच्याकडे समुद्रातून वर काढलेले प्राचीन ग्रीक ब्राँझचे पुतळे आले होते. मी गॅलरीत उभी राहणारी होस्ट, तीही प्रोबेशनवर. पुतळ्यांना कुणाचा हात लागता कामा नये, एवढंच काम. त्यांच्याबरोबर ग्रीसहून आलेली, त्यांची निगा राखणारी कॉन्झर्व्हेटर एलेनी सगळीकडे नजर ठेवून. तिची एक तक्रार गेली की माझी नोकरी गेली!

*

पहिल्याच सकाळी लाइट लागले आणि एका पुतळ्याचे काचेचे डोळे चमकले. मी घाबरून त्याला "सॉरी!" म्हटलं.

माझी सुपरवायझर मोआना मागून म्हणाली, "सॉरी कशाला? माओरीत नमस्कार कर, किआ ओरा म्हण."

*

पोरिरुआहून शाळेची ट्रिप आली. एका चिमुरडीने पुतळा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "हा समुद्रात होता ना? मग ह्याचे टॉग्ज कुठायत?"

पोहायचे कपडे! टीचर लाल, मी त्याहून लाल.

मोआना म्हणाली, "लाटा फार मोठ्या होत्या गं."

*

मराठी मंडळातले जोशीकाका सगळं बघून बाहेर आले. "आपण मूर्तींचं विसर्जन करतो. हे लोक परत बाहेर काढतात, वर तिकीट लावतात!"

*

आणि मग पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेली आमची आई आली.

"आई, लांबून बघायचं. पाया पडायचं नाही."

"मी काय खुळी आहे?"

एका आजोबांना टॉयलेट दाखवून वळते तो काय, आई पुतळ्याशी वाकलेली! हातात ओला रुमाल, पुतळ्याच्या पायापासून वीतभर लांब.

"आई, हाऽऽत!"

मी अशी किंचाळले की गॅलरीतल्या सगळ्यांनी हात वर केले. मोआनानेसुद्धा!

आई ढिम्म. "ओरडतेस काय गं? पायावर हिरवं साचलंय बघ. इतकी माणसं पगार घेतात, कुणाला घासता येत नाही? चिंच लावा म्हणावं, लख्ख निघेल."

एलेनी समोर येऊन उभी. "काय म्हणतायत त्या?"

खोटं काही सुचेना. "आमच्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासतात. ती म्हणते, ह्यालाही लावा."

एलेनीने आईकडे बघितलं. रुमालाकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मी मनातल्या मनात लॉकर रिकामा करायला घेतला.

एलेनी आईच्या शेजारी वाकली आणि हळूच म्हणाली, "विचार त्यांना, मीठ घालून की नुसती?"