वसुधाताईंना मिळालेले ‘डू’

वसुधाताई गोखले यांची आणि माझी पहिली भेट बारा वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये, माझ्या घरमालकीण फ्राऊ हार्टमान यांच्या स्वयंपाकघरात झाली. जुन्नरजवळच्या मुलींच्या वसतिगृहाबद्दल मीच फ्राऊ हार्टमान यांना सांगितले होते. त्यांनी मोठी देणगी देऊ केली, म्हणून वसतिगृहाला मदत करणाऱ्या आमच्या इथल्या संस्थेने ताईंना पाठवले. मी खर्चाचे तक्ते तयार ठेवले होते. ताईंनी ते पाहिले, “छान केलंयस” म्हणाल्या आणि दोन तास फ्राऊ हार्टमान यांच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलत बसल्या.

देणगी आली तेव्हा मला वाटले, काम झाले. ताईंच्या लेखी ते तेव्हा सुरू झाले. काही मागायचे नसतानाही त्या दर महिन्याला येत आणि मुलींची पत्रे जर्मनमध्ये वाचून दाखवत. एकदा एका मुलीने लिहिले होते, “आमटी इतकी पातळ की ताटात माझं तोंड दिसतं.”

मी म्हटले, “ताई, हे वाक्य गाळा. देणगीदार आहेत त्या.”

“अगं, त्यांच्याच पैशांची आमटी ती. त्यांना कळायला नको?”

ताईंनी ते वाचले. फ्राऊ हार्टमान मोठ्याने हसल्या. “गेनाऊ! अगदी बरोबर! बाकीच्या संस्था नुसते आभार मानतात.” त्या दिवसापासून त्यांनी ताईंना ‘झी’ सोडून ‘डू’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे अहो-जाहोवरून थेट अगं-तुगं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “फ्राऊ केळकर, तुम्ही कॉफी घेणार?”

मी सहा वर्षे त्यांच्या घरात राहत होते. हिवाळ्यात त्यांच्या दारापुढचा बर्फ काढत होते. पंचाहत्तरीच्या गौरवलेखात शोभत नाही, तरी लिहिते: मला ताईंचा हेवा वाटला. जिन्यात भेटल्या की फ्राऊ हार्टमान विचारत, “वसुधा कधी येणार?” तेव्हा तो आणखी वाढे.

पुढे फ्राऊ हार्टमान वृद्धाश्रमात गेल्या आणि देणगी थांबली. ताई मात्र आता दर गुरुवारी जाऊ लागल्या. समितीच्या बैठकीत मी विचारले, “आता तिथून काही येणार नाही. मग या फेऱ्या कशासाठी?” मी संस्थेच्या काळजीने बोलते आहे, असे इतरांना वाटले. ताईंना तसे वाटले नसावे. त्या एवढेच म्हणाल्या, “आल्झो, तर मग येत्या गुरुवारी तूही चल.”

मी गेले नाही. नंतरही कधी गेले नाही.

या वर्षी फ्राऊ हार्टमान वारल्या. ताईंचा फोन आला. “अजून कुणाला सांगितलं नाही. तुझी ओळख होती ती, म्हणून आधी तुला.” ताईंनी लगेच फोन ठेवला नाही, थांबून राहिल्या. अंत्यविधीला घरच्यांनी ताईंना आपल्याजवळ बसवले. मी मागच्या रांगेत होते. रडत होते, आणि तिथेही मला ताईंचा हेवाच वाटत होता.

आता संस्थेचे एक जुने देणगीदार, निवृत्त शिक्षक हेर वेबर, घराबाहेर पडू शकत नाहीत. मंगळवारी मी त्यांच्याकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटांत बोलणे संपले. बाहेर येऊन ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मग गप्प बसायचं. उठायचं नाही.”

पंचाहत्तरीच्या पुढेही ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझे शिकणे फार संथ आहे आणि हेवा अजून संपलेला नाही. दोन्हींना पुरतील इतकी वर्षे ताई आमच्यात हव्यात.