पाटावर ठेवलेलं एन्झाइम

‘तू बाहेरच थांब. तुमच्यात पूजा चालत नाही ना?’

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हे हसून म्हणाल्या. खंडेनवमीचा दिवस. प्रयोगशाळेच्या दाराला झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या लावल्या होत्या. ते तोरण मी ओवलं होतं. कट्टा गावाहून एसटीने येताना फुलंही मीच आणली होती. तोरण चाललं. मी उंबऱ्याच्या आत चालले नाही.

आम्ही बौद्ध. आमच्या घरी पूजा नसते, हे खरं. पण तुला यायचंय का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं आणि माझी मी बाहेर गेले असते. इथे मला बाहेर काढलं, आणि वर माझ्याच मनाचा मान राखल्याचा आव आणला. अंगाचा तिळपापड झाला. तरी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

ही प्रयोगशाळा म्हणजे मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मागची दोन खोल्यांची इमारत. खाडीकाठच्या तळ्यांतल्या कोळंबीला रोग लागलाय का, ते आम्ही तपासायचो. रोगाचा विषाणू ओळखायला एक एन्झाइम लागतं. जिवाणूच्या पेशीत परका जनुक घालायचा आणि त्या पेशींकडून हे प्रथिन बनवून घ्यायचं. आम्ही बनवत नव्हतो, तयार मागवायचो. सुक्या बर्फात, थर्माकोलच्या खोक्यातून यायचं. बोटाच्या पेराएवढी नळी, तिच्या तळाशी थेंबभर, पाण्यासारखं स्वच्छ.

त्याचे लाड फार. फ्रीजरमधून काढलं की लगेच बर्फात रोवायचं. लागेल तेवढं घ्यायचं, उरलेलं ताबडतोब आत. जोरात हलवायचं नाही, बोटाने टिचकी मारून मिसळायचं. हे सगळं मला मॅडमनीच शिकवलं. ‘नळी वरून धर,’ त्या म्हणायच्या, ‘बोटांची ऊबसुद्धा खाली जाता कामा नये.’ त्या शिकवायच्या चांगलं. म्हणूनच मला त्यांची जास्त चीड येते.

माझ्या आईने काजू फोडून मला एम. एस्सी. केलं. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागतं, कातडी जळून काळी पडते. माझं इथलं काम वर्षापुरतं होतं. मॅडमनी पुढे ठेवून घेतलं तर त्यांच्याच हाताखाली पीएचडीला नाव लागणार होतं. माझी दुसरी कुठे ओळख नव्हती, पाठीशी कुणी नव्हतं. मॅडमनी हो म्हणणं, एवढंच माझं भवितव्य.

व्हरांड्याच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. शिपाई तातूने पाट मांडला. पाटावर सूक्ष्मदर्शक, वजनाचा काटा, पिपेट. मग प्रसन्न उठला. तो माझ्या आधीपासून तिथे पीएचडी करत होता. ‘सगळ्यात महागाची वस्तू राहिलीच की,’ म्हणाला. फ्रीजर उघडला, एन्झाइमच्या नळ्यांचा डबा काढला आणि पाटावर मधोमध ठेवला. मॅडमनी झाकणावर हळदकुंकू वाहिलं. भटजींचा पत्ता नव्हता, त्यांना गावभर पूजा होत्या. निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात उदबत्त्या, समया. डबा तासन्‌तास तिथेच.

मला राहवलं नाही. खिडकीतून म्हणाले, ‘मॅडम, डबा बर्फात नाहीये.’

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रसन्न म्हणाला, ‘अगं, देवासमोर ठेवलाय. तुला नाही कळायचं ते.’ सगळे हसले. मॅडमही हसल्या. ज्यांनी मला बोटांच्या उबेची भीती घातली होती, त्या हसल्या. तातू खिडकीशी आला. ‘अगो, थंयच गप उभी रव. भटजी इलेच आता,’ म्हणाला आणि त्याने खिडकी ओढून घेतली.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर काम सुरू केलं. डबा तोवर कुणीतरी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवला होता. एकाही तपासणीचा निकाल येईना. मुद्दाम ठेवलेला, रोग असल्याचं पक्कं ठाऊक असलेला नमुना लावून बघितला. तोही कोरा. पुन्हा लावला, पुन्हा कोरा. एन्झाइम मेलं होतं. मेलेलं आणि जिवंत, दिसायला दोन्ही सारखंच. बाहेर तळेवाल्यांचे नमुने साचत चालले होते आणि नवीन माल यायला वेळ लागणार होता.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज मऊ.

‘मोठे सर विचारतील. तू सांग, तुझ्याकडून डबा बाहेर राहिला. तू नवीन आहेस, तुला समजून घेतील. पूजेचं काही बोलू नकोस, बाहेर हसं होईल. तुझ्या पीएचडीचं मी बघते.’

मी काही बोलले नाही. त्यांनी तो होकार धरला. खरं सांगते, त्या क्षणी तो होकारच होता. आईची बोटं डोळ्यांसमोर होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे मोठे सर आले. आम्ही सगळे उभे. मॅडम म्हणाल्या, ‘हिच्याकडून जरा चूक झाली, सर.’ सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमकडे बघूनच म्हणाले, ‘सवलतीतून आलेल्यांच्या हाती असल्या वस्तू कशाला देता?’

प्रसन्न मोबाइल बघत होता. मॅडमनी मान खाली घातली, जणू माझ्या वतीने त्यांनाच लाज वाटत होती. तेव्हा मला लख्ख कळलं. मी हो म्हटलं तर फक्त एक डबा माझ्या नावावर जाणार नव्हता. माझ्यामागून या दारात येणाऱ्या आमच्या प्रत्येक पोरीच्या माथी तो बसणार होता.

मी म्हणाले, ‘सर, डबा पूजेला पाटावर ठेवला होता. माझा हात लागलाच नाही. मला बाहेर उभं केलं होतं.’

मॅडम म्हणाल्या, ‘मी तिच्या भावना जपल्या, आणि ही असं बोलते?’ सरांनी तातूला विचारलं. तातू आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला. त्याने मला लहानपणापासून बघितलंय. तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘माका काय ठावक नाय, सायबानू. मी भायर नारळ फोडी होतंय.’

बाहेर तर मी होते. पण आता माझं बाहेर असणंही त्यांनी काढून घेतलं.

वर्ष संपलं, मला ठेवलं नाही. माझ्या जागी प्रसन्नच्या ओळखीची मुलगी आली. मॅडम आजही तिथे आहेत. पुढच्या खंडेनवमीलाही पूजा झाली, तातू भेटला तेव्हा त्यानेच सांगितलं. कुणाचं काहीही वाकडं झालं नाही. माझंच झालं.

आई म्हणाली, ‘तू बोललंस तां खरा. पण गप रवाक व्हया होता गो.’ मी तिच्यावर चिडले नाही. तिचं आयुष्य गप राहूनच निभावलंय. आता मीही तिच्या शेजारी बसून काजू फोडते. माझीही बोटं काळी पडायला लागली आहेत. आशा वगैरे काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

मुलाखती देते. गोव्यात दिल्या, कोल्हापुरात दिल्या. सगळीकडे एकच प्रश्न येतो, आधीचं काम का सोडलं? बरोबरच्या मैत्रिणी म्हणतात, घरची अडचण सांग, आजारपण सांग, काहीही सांग. मी सांगत नाही. मी म्हणते, सोडलं नाही, काढलं. त्यांच्या पूजेत एन्झाइम मेलं आणि ते माझ्या माथी मारायचं होतं. मी मारू दिलं नाही. समोरचे एकमेकांकडे बघतात आणि कळवतो म्हणतात. कळवत नाहीत.

पुढच्या ठिकाणीही मी हेच सांगणार. नाही घेतलं, तर त्याच्या पुढच्या ठिकाणीही.