लाल चिठ्ठीवाला मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका भित्रा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे तो भितो म्हणूनच त्याला पगार मिळतो. हृदयाच्या नळीत बसवायचे स्टेंट बनवणाऱ्या पुण्याकडच्या एका कारखान्यात तो क्वालिटी इंजिनिअर आहे. म्हणजे काय, असं त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा विचारलं. त्याने सांगितलं की माल कुठे दगा देईल याचा दिवसभर विचार करायचा आणि शंका आली की लाल चिठ्ठी चिकटवून तो अडवून ठेवायचा. शंका फिटेपर्यंत मालकालाही त्या मालाला हात लावता येत नाही.

ही सवय कारखान्याच्या फाटकाशी सोडून यावी ना, तर नाही. दिवाळीला सानगडीला घरी आला की कुकरच्या शिट्टीला चिठ्ठी, माळ्याच्या शिडीला चिठ्ठी. सासूबाई बिचाऱ्या सण सरेपर्यंत गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, भात शिजवतात. तलावाच्या पाळीवर फिरायला नेलं तर हवा खायची सोडून हा वाकून खेकड्यांची बिळं शोधतो, आणि पाळ फुटली तर पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत शिरेल ते सांगून सोबतच्याची झोप उडवतो. स्वतःच्या लग्नात सजवलेल्या गाडीचं टायर पाहून हा खाली उतरला आणि मांडवापर्यंत पायी गेला; गाडी मागून रिकामी आली. वरठीला आमच्याकडे आला की माझ्या मोटारसायकलच्या ब्रेकला चिठ्ठी ठरलेली. मी ती तशीच मिरवत स्टेशनपर्यंत जायचो आणि चहाच्या टपरीवर त्याची टर उडवायचो.

यंदा उन्हाळ्यात माझ्याच छातीत कळ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी नळी तुंबलीय, स्टेंट टाकावा लागेल, असं सांगितलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. मेहुणा पुण्याहून धावत आला आणि आल्या आल्या त्याने नर्सकडे स्टेंटचा डबा बघायला मागितला. वरचा बॅच नंबर वाचला आणि माझ्या खाटेवर मटकन बसला. माल त्याच्याच कारखान्यातला होता.

"भाऊजी, ह्या बॅचले मीच लाल चिठ्ठी लावली होती," तो म्हणाला.

मी उठून बसलो. "काहून?"

"एका पाकिटाचं सील मले ढिलं वाटलं. मंग सारी बॅच पुन्हा तपासायले लावली. साहेब चिडले, तरी मी सोडली नाही. काहीच निघालं नाही, तवा सोडली. पण आता त्यातलाच तुमच्या छातीत जाऊन राहिला, तं मले भेव लागून राहिलं. डाक्टरले दुसऱ्या कंपनीचा मांगू काय?"

"तो बी तुयासारख्या भित्र्यानंच तपासला हाय काय?"

"ते मले कसं माहीत राहीन?"

"मंग हाच टाकू दे."

आत नेताना मी मान वळवून पाहिलं. बायकोने हात जोडले होते आणि हा भिंतीला टेकून घामाने निथळत उभा होता. त्या क्षणी मला त्याची फार माया आली. माझी सगळी भीती जणू त्यानेच अंगावर घेतली होती.

आता मी ठीक आहे. तो रोज संध्याकाळी फोन करून छातीत काही होत नाही ना, असं विचारतो. कुठल्या कुठल्या गावांतल्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठीही तो असाच भीत असेल आणि त्यांना त्याचं नावही ठाऊक नसेल, हे मनात आलं की जीव हळवा होतो. मोटारसायकलचा ब्रेक मी नीट करून घेतला. चिठ्ठी मात्र काढवत नाही. आणि त्याच्या फोनला उशीर झाला, की आताशा मलाच भीती वाटू लागते.