आधी सही

ट्रक कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाकडे तो एकवीस वर्षं कारकून होता. अपघात झाला की पोलिसांच्या आधी पोचायचं आणि ड्रायव्हरची जबानी घ्यायची, हे त्याचं काम. पहिल्या तासात माणसाला दुखत नाही, हे तो अनुभवानं शिकला होता. पाय तुटलेला माणूससुद्धा फक्त पाणी मागतो आणि पुढे केलेल्या कागदावर सही करतो. बायको म्हणायची, "आधी हात घासून ये, मग पोरांना जवळ घे." थट्टाच होती. तोही हसायचा.

त्या दुपारी पुलाच्या उतारावरून खडीचा ट्रक सुटला आणि बसथांब्यात घुसला. चौघं जागीच गेली. कारकून पोचला तेव्हा जमाव ड्रायव्हरला लोखंडी गजांनी मारत होता. "बाजूला व्हा, पोलीस!" असं खोटंच ओरडत त्यानं ड्रायव्हरला बाहेर ओढलं, आपल्या गाडीत मागच्या सीटवर कोंबलं आणि दारं लावली. ड्रायव्हरचा एक कान लोंबत होता.

"ब्रेक लागले नाहीत, भाऊ. मालकाला तीनदा सांगितलं होतं. गाडी काढा."

"काढतो." कारकुनानं कागद काढला. ऑफिसातून निघतानाच टाईप करून घेतलेला. ब्रेक ठीक होते, मला डुलकी लागली. एवढ्यावर मालक सुटायचा. "इथे सही कर, लगेच निघू."

"अहो, मारून टाकतील मला!"

"एका सहीला कितीसा वेळ लागतो?"

एकवीस वर्षांत त्यानं सहीच्या आधी कधी किल्ली फिरवली नव्हती.

ड्रायव्हरची बोटं मोडली होती. पेन दोनदा निसटलं, कारकुनानं दोनदा उचलून दिलं. तिसऱ्यांदा अक्षरं उमटली आणि मागची काच फुटली. चार-पाच हातांनी ड्रायव्हरला केसांना धरून खेचलं. फुटक्या काचेवरून त्याचं पोट फाटत गेलं.

कारकुनानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मग ते तसंच सोडून तो खाली उतरला आणि ड्रायव्हरच्या अंगावर आडवा पडला. गजांच्या मारानं कारकुनाच्या तीन फासळ्या मोडल्या, पुढचे दात गेले. खालचा माणूस तोवर संपला होता.

दवाखान्यात वकील आला.

"सही पुरी आहे ना?"

"पुरी आहे."

"शाब्बास."

बाहेर बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती. कारकून भिंतीला धरून धरून तिच्यापर्यंत गेला.

"वहिनी, ब्रेक नव्हते. मालकाला त्यानं तीनदा सांगितलं होतं. मी गाडी काढली असती तर तो वाचला असता. मी आधी सही मागितली."

तिनं मूठ आवळून त्याच्या फासळ्यांवर मारली. तो कोसळला. तिनं वाकून आणखी एकदा मारली.

"हे कोर्टात बोलशील?"

"बोलेन."

"सहीचंसुद्धा?"

त्याला श्वास घेता येत नव्हता. "सहीचंसुद्धा."

"मग ऊठ," ती म्हणाली. "पोलीस आत बसलेत."