अठ्ठावन्न हजारांत माझे किती

विश्वनाथ बोकील हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. चंदीगडला पंधरा सेक्टरमध्ये एका सरदारजींच्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, पहिल्या मजल्यावर ते आणि वसुधाताई राहायचे, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. माझे यजमान माधव युनिव्हर्सिटीत शिकवायचे. बोकील मूळचे वाईचे, इथल्या वैद्यकीय संस्थेत वाहन विभागात होते. संस्थेची कुठली जीप कधी निघाली, किती चालली, आत कोण बसलं, हे सगळं त्यांच्या टेबलावर लिहिलेलं असायचं.

सरकारी गाडीला लॉगबुक असतं. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, कोण, कारण असे पाच रकाने. बोकीलांनी पंचाण्णव साली ऑफिसकडून कर्ज काढून पांढरी मारुती घेतली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठीसुद्धा तसंच लॉगबुक केलं. आम्ही सगळे हसलो. "स्वतःच्या गाडीचं काय लॉगबुक, कोण ऑडिट करणार आहे?" असं मी तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "सवय आहे, शैलजाताई. लिहिलं नाही तर गाडी चालवली असं वाटत नाही."

गाडी घेतली ती वसुधाताईंसाठी. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्यासमोर ठरलं होतं. त्यांना बस लागायची. साधं शेजारच्या मनीमाजऱ्याला जायचं तरी पदराला लिंबू बांधून जायच्या आणि परत येऊन आडव्या व्हायच्या. आणि बाईंना हौस एकच, कसौली बघायचं. हिवाळ्यात पाऊस पडून हवा धुतली गेली की आमच्या गच्चीवरून कसौलीचा डोंगर स्वच्छ दिसायचा, संध्याकाळी वर दिवे लागायचे. वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या वसुधाताई कठड्याशी उभ्या राहून म्हणायच्या, "तिथे बसून आपली गच्ची दिसत असेल का हो?" साठ किलोमीटर. पण घाटाची बस म्हटल्यावर त्यांना इथेच मळमळायचं. स्वतःची गाडी असली, पुढच्या सीटवर खिडकी उघडी ठेवून बसलं, वाटलं तिथे थांबलं, तर जमेल, असा बोकीलांचा हिशोब होता. गाडी दारात आली, वसुधाताईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदकुंकू लावलं. पेढा देताना बोकील म्हणाले, "पहिला रविवार कसौली."

पहिल्या रविवारी अशोकरावांचा फोन आला. अशोकराव म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. मंडळात तेव्हा चाळीसेक कुटुंबं होती आणि गाड्या फार तर चार. त्यातल्या दोन मोठ्या डॉक्टरांच्या, त्यांना कोण सांगणार? अशोकरावांच्या साडूंचे चौघे शिमल्याला निघाले होते, त्यांना कालक्यापर्यंत सोडायचं होतं. चौघे आणि चालवणारे बोकील, मारुती भरली. वसुधाताईंनी त्यांच्यासाठी दशम्या करून दिल्या.

मग ते सुरूच झालं. महाराष्ट्रातला माणूस चंदीगडला दोनच कारणांनी येतो, एक शिमला-मनाली आणि दुसरं आजारपण. दोघांनाही स्टेशनवरून आणायला कुणीतरी लागतं. मेमध्ये ट्रिपवाले, बाकी वर्षभर पेशंट. कुणाच्या मामेभावाचं ऑपरेशन, कुणाच्या शेजारणीच्या नणंदेला तपासायचं. अशोकराव डायरीतून बोकीलांचा नंबर असा द्यायचे की जणू मंडळाची टॅक्सीच आहे. बोकील कधी नाही म्हणाले नाहीत. एक्क्याऐंशी साली ते दोघं पहिल्यांदा इथे उतरले, तेव्हा त्यांना घ्यायला एक अनोळखी मराठी गृहस्थ स्कूटर घेऊन आले होते, बाई स्कूटरवर, ट्रंक सायकलरिक्षात. बोकीलांना त्याचं फार होतं. परमुलखात आपला माणूस दिसल्यावर किती जीव भांड्यात पडतो ते मला कळतं, मीही तशीच आले. पण एका स्कूटरची परतफेड माणसाने किती वर्षं करावी?

पाहुणे उतरताना विचारायचे, "पेट्रोलचे किती द्यायचे?" बोकील म्हणायचे, "छे हो." पाहुणे पाकीट परत खिशात घालायचे. बऱ्याच जणांनी ते बाहेर काढलेलंच नसायचं, नुसता हात खिशाकडे न्यायचे. वर गेलं की वसुधाताईंच्या हातची गरम पोळी. गाडीत पाच जागा, चार पाहुण्यांच्या, पाचवी चालवणाऱ्याची. पाहुणे दोघेच असले तरी त्यांचं सामान असायचं. शिवाय परत आल्यावर जेवायला काय, हा प्रश्न होताच, म्हणून वसुधाताई घरी. मी वरून बघायचे आणि चिडायचे. एकदा म्हटलंसुद्धा, "ताई, तुम्ही गाडी घेतलीत की धर्मशाळा?" त्या म्हणाल्या, "जाऊ दे हो. पुढच्या रविवारी जाऊ."

अशी नऊ वर्षं गेली.

दोन हजार चारच्या मेअखेरीस बोकील निवृत्त होणार होते. कऱ्हाडला वसुधाताईंच्या माहेराजवळ घर घेऊन ठेवलं होतं. गाडी तिकडे न्यायची तर इथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, तिकडे पुन्हा टॅक्स, नवा नंबर. त्यापेक्षा विकलेली बरी असं ठरलं. झिरकपूरच्या एका गृहस्थाने पंच्याऐंशी हजारांना मागितली, सोमवारी न्यायला येणार होता. त्याच सुमाराला आमच्या माधवना गाडीचं वेड लागलं. एव्हाना बँका दारात येऊन कर्ज देत होत्या, हप्ता एवढासा, सही करा. माधव म्हणाले, "हप्ता परवडतो आहे. बोकीलांना विचारू, पेट्रोल किती लागतं."

शनिवारी दुपारी आम्ही खाली गेलो. बोकीलांना असं विचारणारं आयुष्यात कुणी भेटलं नसावं. त्यांनी कपाटातून नऊ लॉगबुकं काढली, वर्षाला एक, खाकी कव्हर घातलेलं, आणि माधवना समोर बसवलं. वसुधाताई पलीकडे पाटावर गवार मोडत होत्या, मी त्यांना मदत करायला बसले.

"पेट्रोल सगळ्यांना दिसतं," बोकील म्हणाले, "नऊ वर्षांत एक लाख चार हजार. पण एकूण खर्च किती झाला माहीत आहे? चार लाख साडेशहाऐंशी हजार. पेट्रोल त्याचा चौथा भागसुद्धा नाही." गाडीची किंमत, कर्जाचं व्याज, दर वर्षी विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, सगळं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "आता विकून पंच्याऐंशी येतील. राहिले चार लाख दीड हजार. गाडी चालली अठ्ठावन्न हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सहा रुपये ब्याण्णव पैसे. उभी राहिली तरी तिचा विमा चालू, बॅटरी उतरतेच. हप्ता म्हणजे नुसतं दार, माधवराव. घर आत आहे."

माधवचा चेहरा पडला. मला गंमत वाटत होती.

तेवढ्यात वसुधाताई म्हणाल्या, "त्यात माझे किती?"

बोकीलांना वाटलं पैशांचं विचारते आहे. म्हणाले, "अगं, सगळे आपलेच की."

"पैसे नाही. अठ्ठावन्न हजार किलोमीटरमध्ये माझे किती?" आवाज चढलेला नव्हता. गवारीची शीर काढत होत्या. "तुम्ही कोण बसलं ते लिहिता ना?"

बोकीलांनी पंचाण्णवचं पुस्तक उघडलं आणि कागद घेतला. माणूस तसा सरळ, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं एवढं त्यांना येत होतं. आम्ही उठून जायला हवं होतं, पण पाय निघेना. दीडेक तास ते पानं उलटत होते. डोळ्यांचा दवाखाना, बत्तीस सेक्टर. गॅसची नोंदणी. मंडळाच्या गणपतीला प्रसादाची पातेली, सोबत वसुधा. असं करत शेवटी त्यांनी कागदावर आकडा लिहिला, पुन्हा बेरीज केली आणि म्हणाले, "दोनशे बारा."

"पातेल्यांसकट?" वसुधाताईंनी विचारलं.

"पातेल्यांसकट."

मला असा संताप आला! मी म्हटलं, "बघू इकडे, कुणी कुणी लुटलंय ते तरी बघू," आणि एक पुस्तक ओढून घेतलं. अशोकरावांचं नाव सापडेल, दोन शब्द सुनवायला बरं, असा विचार होता. अशोकराव होतेच. पण पहिल्याच पानावर होतं, शैलजाताईंचे बंधू व कुटुंब, शिमला, जाऊन-येऊन २३४. दोन पानं सोडून, नेत्रा, परीक्षा, अंबाला. नेत्रा माझी लेक. शैलजाताई, भाजी, सव्वीस सेक्टर मंडी. ही तर दर पंधरवड्याला होती. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं, गाडी जातेच आहे तर जाऊ, एवढंच. मी एकेक पुस्तक घेत गेले. बेरीज मीच केली, बोकीलांनी नाही. तीन हजार एकशे सेहेचाळीस. मंडळातल्या कुणाच्याही नावापुढे एवढे नव्हते.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच. नऊ वर्षं मी वरून बघत चिडत होते, आणि त्या पुढच्या सीटवर सगळ्यात जास्त मीच बसले होते. सहा ब्याण्णवने गुणलं तर एकवीस हजार सातशे सत्तर होतात. मी ते घरी जाऊन गुणलं. पण पैसे देऊन भागणारं ते नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

निघताना बोकील वसुधाताईंना म्हणाले, "उद्या सकाळी सातला कसौली." मोडलेली गवार घेऊन त्या आत गेल्या.

रविवारी पावणेसातला मी जिन्यातच होते. खोटं कशाला बोलू, मुद्दाम होते. खालचं दार उघडं होतं. वसुधाताईंनी इरकल नेसली होती, हातात कापडी पिशवी, पायात चपला. बोकीलांच्या बोटात किल्ली. तेवढ्यात फोन वाजला.

फोनवर अशोकराव होते. परभणीचा एक माणूस, बरोबर आठ वर्षांची मुलगी, तिच्या हृदयाला भोक, सोमवारी संस्थेत दाखवायचं. साडेदहाच्या गाडीने स्टेशनवर उतरणार, पहिल्यांदाच इकडे येतायत, हिंदीसुद्धा धड येत नाही. बोकील "हो, हो" करत ऐकत होते. आता अशा वेळी कोण नाही म्हणेल? मलाही म्हणता आलं नसतं.

मी वसुधाताईंकडे पाहिलं. बोकीलांनी अजून काहीच कबूल केलं नव्हतं, त्यांच्याकडे वळूनही बघितलं नव्हतं. पण वसुधाताईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली होती आणि भिंतीला हात टेकून त्या पायातल्या चपला काढत होत्या. एक काढून झाली होती.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. मी आत गेले आणि बोकीलांच्या हातातून रिसीव्हर घेतला. "अशोकराव, शैलजा बोलतेय. गाडी आज रिकामी नाही. त्या माणसाचं नाव सांगा, मी जाते स्टेशनवर."

"तुम्ही? कशाने?" अशोकराव म्हणाले.

"ऑटोने. चंदीगडात ऑटो नाहीत का?"

फोन ठेवला तेव्हा बोकील माझ्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "निघा आता. ताई, ती चप्पल घाला."

साडेदहाची गाडी अकराला आली. मी पुठ्ठ्यावर मराठीत नाव लिहून नेलं होतं. बापाने ते लांबून वाचलं आणि मुलीला कडेवर घेऊन जवळजवळ पळतच आला. ऑटोवाल्याने साठ रुपये घेतले. त्यांना संस्थेजवळच्या धर्मशाळेत खोली मिळवून दिली, सोमवारी कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते सांगितलं, मुलीला केळी घेऊन दिली. साडेबारापर्यंत मी घरी होते. नऊ वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

ती दोघं अंधार पडायच्या आत परत आली. वसुधाताईंचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. मी विचारलं, "कसं होतं?" म्हणाल्या, "गार होतं. चहा महाग. आणि आपली गच्ची काही दिसली नाही हो, धूर होता खाली. पण चंदीगड केवढं दिसतं." मळमळलं का विचारलं, तर म्हणे एकदाही नाही.

सोमवारी गाडी गेली, बुधवारी ती दोघंही गेली. माधवनी गाडी घेतली नाही. जाताना बोकीलांनी लॉगबुकं रद्दीत न देता माधवकडे ठेवली, हिशोब शिकायला म्हणून. मी शेवटचं पुस्तक तेवढं उघडून बघितलं. शेवटची ओळ त्यांच्याच अक्षरात होती. ३० मे, चंदीगड ते कसौली, जाऊन-येऊन १२०, वसुधा. कारणाच्या रकान्यात मात्र अक्षर दुसरं होतं, वळणदार, बायकी, आणि तिथे लिहिलं होतं, काही काम नव्हतं.