वानखडे निवास, मुलुंड वेस्ट

"परबबाई, हे काय आहे?" असं म्हणत कर्णिक सरांनी माझ्या टेबलावर एक लाकडी पाटी आदळली. माझा कपातला चहा सांडला. पाटी सागवानी होती, कडेने वेलबुट्टी, मधे कोरीव अक्षरं: वानखडे निवास.

"पाटी आहे," मी म्हटलं.

"ते मलाही दिसतंय. माझ्या फ्लॅटच्या दारावर ही कुणी लावली?"

"वानखडेंनी लावली असणार. नाव त्यांचंच आहे."

"निवास, बाई! निवास! राहायला येऊन महिना झाला नाही आणि माझ्या घराचं बारसं करून मोकळे! मी शेजारून स्क्रू ड्रायव्हर मागून आणला आणि काढली. महिनाअखेर मला घर खाली पाहिजे. डिपॉझिट घ्यावं आणि निघावं."

मी तेव्हा मुलुंड वेस्टला इस्टेट एजंट होते. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. ऑफिस म्हणजे एका लेडीज टेलरच्या दुकानात भाड्याने घेतलेलं टेबल आणि दोन खुर्च्या. बाई आणि एजंट हे लोकांना पचायचं नाही. येणारा पहिलं विचारायचा, "मिस्टर कुठे आहेत?" मी म्हणायचे, "मिस्टर कामावर आहेत, घर मी दाखवते. बसा." बहुतेक बसायचे.

कर्णिक सर शाळेतून रिटायर झालेले. फंडाच्या पैशातून मुलुंडला वन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. स्वतः राहायचे घाटकोपरला. पाटी एवढी झोंबायचं कारण आजच्या मुलांना सांगितलं तर हसतील, पण तेव्हा मालक लोक भाडेकरू या शब्दाला साप म्हटल्यासारखे दचकायचे. कायदा सगळा भाडेकरूच्या बाजूने. एकदा का माणूस भाडेकरू म्हणून घरात शिरला की मालकाचा नातू म्हातारा होईल, पण तो हलायचा नाही. म्हणून सगळे लीव्ह अँड लायसन्स करायचे. म्हणजे घर भाड्याने द्यायचं नाही, नुसती वापरायची परवानगी द्यायची, तीही अकरा महिन्यांची. भाड्याला भाडं म्हणायचं नाही, कॉम्पेन्सेशन म्हणायचं. आणि ताबा आपलाच आहे हे दिसावं म्हणून मालक घरात स्वतःचं काहीतरी ठेवून द्यायचे. कर्णिक सरांनी बेडरूममध्ये एक लोखंडी कपाट ठेवलं होतं. कुलूपबंद, आणि आत काही नाही.

अशा माणसाच्या दारावर दुसऱ्याच्या निवासाची पाटी. उद्या कोर्टात कोण कुठे राहतं हे विचारलं तर पाटीच साक्ष देणार. सरांची झोप उडाली यात नवल नव्हतं.

मी पाटी पिशवीत घातली आणि वानखडेंकडे गेले. दार वहिनींनी उघडलं. पाटी बघून म्हणाल्या, "बाप्पा! बरं झालं काढली ते. मी यांना सांगून राहिली होती, या दाराला ती शोभत नाही म्हणून."

वानखडे कुटुंब अकोल्याचं. साहेब एका सरकारी विमा कंपनीत ऑफिसर. मुंबईला बदली होऊन दोन वर्षं झालेली. ही दोन वर्षं साहेब एका खोलीत आणखी तिघांबरोबर काढत होते आणि खाणावळीत जेवत होते. कारण घर मिळत नव्हतं. मिळालं तर परवडत नव्हतं. परवडलं तर मालक फॅमिली नको म्हणायचा. शेवटी मी कर्णिक सरांचा फ्लॅट जमवून दिला होता आणि वहिनी दोन मुलांना घेऊन आल्या होत्या. थोरलीचं नाव जवळच्या शाळेत घातलं होतं. ती ऍडमिशन मिळवताना आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

महिनाअखेरचं ऐकलं आणि वहिनी निवडायला घेतलेल्या तांदळाच्या ताटापाशी बसल्या.

"ताई, एक सांगू? आमचा धाकटा आहे ना, तो यांना ओळखायचाच नाही. हे सुट्टीत अकोल्याला आले की तो मला विचारे, पाहुणे कधी जाणार. आता कुठे बाबा म्हणायला लागला. मला पुन्हा सामान बांधायला लावाल तर मी सरळ अकोल्याचंच तिकीट काढीन. यांनी राहावं इथं एकट्यानं. माझ्यात आता दम नाही."

ती बाई रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती ताटातल्या तांदळाकडे बघत बसली. मला खरंच वाईट वाटलं. दलाली आधीच मिळाली होती, हात झटकून मोकळी होऊ शकत होते. पण ते बापाला पाहुणा म्हणणारं पोर डोक्यातून जाईना.

"पण वहिनी, पाटी आणलीच कशाला एवढ्या लांब?"

"सासऱ्यांनी बांधलेलं घर होतं. वाटण्या झाल्या. दिराला घर मिळालं, यांना पाटी मिळाली."

मी पाटी त्यांच्या हातात दिली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना आणि सरांना टेलरच्या दुकानात समोरासमोर बसवलं. म्हटलं, साहेब माफी मागतील, विषय मिटेल. साहेब माणूस फार सज्जन. तीच पंचाईत झाली.

"सर, चुकलंच माझं," साहेब हात जोडून म्हणाले. "पोस्टमनला सोपं जावं म्हणून लावली. पण खरं सांगू? तुमचं घर म्हणजे स्वर्ग आहे. इथून कधी हलूच नये असं वाटतं."

कर्णिक सरांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांच्या पायावर पाय दिला. त्यांना वाटलं, मी आणखी बोला म्हणतेय.

"परकं वाटतच नाही, सर. अगदी आपलंच घर वाटतं. मिसेसला तर मी म्हटलं, आता मरेपर्यंत..."

"महिनाअखेर!" सर ओरडले आणि छत्री उचलून निघून गेले. टेलरची मशीन थांबली. साहेब मला विचारतात, "का हो, माझं काही चुकलं का?"

लागली ना वाट!

मग मी दुसरा मार्ग धरला. म्हटलं, भाड्याची कटकटच नको, विकत घेऊन टाका. यात माझाही फायदा होता, खोटं कशाला बोलू. साहेबांना आणि वहिनींना भांडुपला एका बिल्डरकडे नेलं. बिल्डिंग अर्धी उभी. बिल्डरच्या माणसाने नकाशा पसरला आणि फ्लॅटचा एरिया सांगितला. वहिनी पावलांनी खोली मोजून आल्या आणि म्हणाल्या, "हे तर फारच कमी भरून राहिलं."

"मॅडम, तो सुपर बिल्ट-अप एरिया आहे," बिल्डरचा माणूस म्हणाला.

मी समजावून सांगितलं. घरात जेवढी जमीन पायाखाली येते तो कार्पेट एरिया. त्यात भिंती धरल्या की बिल्ट-अप. आणि जिना, पॅसेज, गच्चीवर जायची वाट, सगळ्याचा वाटा आपल्या माथी मारला की सुपर.

"म्हणजे जिनाही आम्हीच विकत घ्यायचा?"

"थोडा थोडा."

"मग यांची पाटी तिथंच लावा बाप्पा."

साहेबांनी पझेशन कधी विचारलं. "दिवाळीला," तो माणूस म्हणाला. कुठल्या दिवाळीला ते त्याने सांगितलं नाही, आणि समोरच्या खांबांकडे बघून आम्हीही विचारलं नाही. घर आज हवं होतं, हे घर पुढे कधीतरी मिळणार. शिवाय ऑफिसचं कर्ज मंजूर व्हायला वेळ. तोवर भाड्याने राहायलाच लागणार, म्हणजे गाडी पुन्हा कर्णिक सरांच्या दारात.

परत येताना वहिनी म्हणाल्या, "त्या सरांकडे मलाच घेऊन चला. बघते काय म्हणतात ते. नाहीच ऐकलं तर तिकीट काढायला मी मोकळी."

साहेब म्हणाले, "मीही येतो." आम्ही दोघी एकदम म्हणालो, "नको!"

घाटकोपरला सर एका जुन्या दुमजली घरात राहायचे. लाकडी जिना, लांबलचक गॅलरी, भरपूर उजेड. त्यांच्या मिसेसनी पाणी आणलं. मी सहज म्हटलं, "सर, एवढं मोठं स्वतःचं घर असताना मुलुंडला दुसरं घेतलंत, छान केलंत."

"स्वतःचं कुठलं? भाड्याचं आहे."

"अय्या, आणि मालक?"

"मालक वीस वर्षं मला बाहेर काढायला बघतोय. भाडं घेत नाही म्हातारा, म्हणजे मी थकबाकीदार ठरावं. मी काय कमी आहे? दर महिन्याला मनीऑर्डर करतो. तो परत पाठवतो. मी पावत्या जपून ठेवतो. कोर्टात दावा लावला त्याने. मी काय दाखवलं सांगू? दारावरची पाटी! फोटो काढून दिला वकिलाला. आपण जिंकलो!"

बोलून झालं आणि सरांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. मिसेस तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

"म्हणून म्हणतो," सर जरा खालच्या आवाजात म्हणाले, "भाडेकरू काय चीज असते ते मला विचारा. मी चाळीस वर्षं भाडेकरू आहे."

मला वाटलं, आता संपलंच. हा माणूस कायद्याला घाबरत नाही, स्वतःलाच घाबरतो. याची समजूत कशी घालायची? तेवढ्यात वहिनी बोलल्या.

"सर, तुमचं बरोबर आहे. तुमचं हे घर कोणीही सोडणार नाही. पण मुलुंडचं घर मी कायले अडवून ठेवीन? मला ते आवडतच नाही."

सर थबकले. "आवडत नाही म्हणजे?"

"नाही आवडत. स्वयंपाकघराला धड खिडकी नाही, फोडणी दिली की सगळं घर खोकतं. बाथरूममध्ये बादली ठेवली की माणूस बाहेर. वाळवण टाकायचं कुठं? आणि बेडरूममध्ये ते तुमचं कपाट. त्याचं दार तरी उघडतं का? त्यात आहे काय?"

"काही नाही."

"मग ठेवलं कायले?"

"ते ठेवायला लागतं," सर पुटपुटले. मग एकदम सावरून बसले. "अहो पण हवा? हवा बघितलीत का? बेडरूमच्या खिडकीतून डोंगर दिसतो!"

"डोंगर पाहून पापड वाळतात का?"

"पाणी! पाणी चोवीस तास!"

"गढूळ येतं."

"अहो, मी स्वतः उभा राहून बांधून घेतलंय ते किचन! तुम्ही खोकता म्हणजे तुम्ही मिरच्या जास्त घालत असणार!"

"आम्ही वऱ्हाडचे. घालणारच. यांना दुसरं घर मिळालं की एक दिवस नाही राहणार मी तिथं. हे तुम्हाला लिहून देऊ का सांगा."

मी खाली बघून हसू दाबत होते. पंधरा वर्षांच्या धंद्यात मी मालकाला भाडेकरूची मनधरणी करताना पाहिलं नव्हतं. कर्णिक सर घराची एकेक खुबी सांगत होते आणि ही बाई एकेक मोडीत काढत होती. शेवटी सर जवळजवळ रागावून म्हणाले, "तुम्ही राहून तर बघा नीट! पावसाळा येऊ दे, मग सांगा. डोंगर हिरवागार झाला की तुम्हीच म्हणाल!"

"राहीन. पण ते कपाट बाहेरच्या खोलीत हलवा. आणि मला भिंतीला खिळे मारू द्या. देव खाली मांडलेत मी, कॅलेंडर ट्रंकेला टेकवून ठेवलंय. असं कुठं राहतात का?"

करारात खिळा मारायची बंदी होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, परवानगी तुमचीच. खिळ्याने ताबा जात नाही." ते खरं होतं की नाही मला माहीत नव्हतं, पण मी अगदी ठासून बोलले.

"मारा," सर म्हणाले. "पण पाटी नाही."

"पाटी मला नकोच आहे. ती ट्रंकेत गेली."

महिनाअखेर आली आणि गेली. थोरली शाळेत जायला लागली. साहेब संध्याकाळी धाकट्याला खांद्यावर घेऊन भाजी आणायला निघायचे, आणि तो माझ्या दुकानासमोरून जाताना सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं "बाबा, बाबा" करत असायचा. मला त्या हाकेने उगीचच भरून यायचं. टेलर म्हणायचा, "बाई, धूळ गेली का डोळ्यात?" मी म्हणायचे, "तू मशीन चालव."

करार एकदा रिन्यू झाला. तोवर ऑफिसचं कर्ज मंजूर झालं. मी त्यांना मुलुंड ईस्टला एक जुना, ओनरशिपचा फ्लॅट दाखवला. कर्णिक सरांच्या फ्लॅटपेक्षा लहान. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. मी आत डोकावले. ओट्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय खटकतंय, वहिनी?"

"काही नाही."

मी तिथल्या तिथे मालकाशी टोकनचं बोलून घेतलं.

ठरल्या दिवशी वहिनींनी कर्णिक सरांचं घर झाडून पुसून दिलं, खिळ्यांची भोकं चुन्याने बुजवली आणि चावी माझ्याकडे आणून दिली. सर ती न्यायला आले. ठरलं होतं तसंच झालं होतं. अकरा महिने आणि अकरा महिने, एक दिवस वर नाही. मला वाटलं, पेढे देतील. ते खुर्चीवर बसले, चावी बोटाभोवती फिरवत राहिले.

"गेल्या?"

"गेल्या."

"जाताना काही म्हणाल्या का? डोंगराबद्दल वगैरे?"

"नाही, सर."

"इतकं काय वाईट होतं हो त्या घरात?" आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पुढे मी बरीच वर्षं हा धंदा केला. घर दाखवताना माझा एकच नियम होता. नावं ठेवणाऱ्याला भाड्याचं घर द्यायचं. गप्प राहणाऱ्याला विकतचं. आणि जो घराची तोंडभर स्तुती करेल, तो कितीही सज्जन असो, त्याची मालकाशी गाठ पडू द्यायची नाही.