सांडोरच्या फाटकावर ब्लॅक अँड टॅन

कॉलेजच्या होस्टेलातला माझा मित्र आंतोन वसईजवळ सांडोरला केळीची बाग करतो. त्याच्या लेकीचं, शेरनचं, आयर्लंडच्या मुलाशी लग्न ठरलं. "व्याही येतायत, तू आधी पोच. पाजणार नाही, नुसता बघायला ये," म्हणाला. मी थेंबही घेत नाही, तरी निघालो.

जुन्नरहून माळशेज, कल्याण, मग घोडबंदर. घाट पहाटेच ओलांडा. घोडबंदरला गाडी अडकली की नामस्मरणाला भरपूर वेळ मिळतो. वसईत शिरताना इमारतीच इमारती, पण सांडोर आलं तशी रस्त्यावर केळीची सावली पडली. वाटेत सुकेळी घेतली. ही सुकवलेली केळी स्वस्त नाहीत, पण पोटाला आधार होतो.

आंतोन ओटीवर सराव करत होता. ग्लासात आधी फिकट बिअर, मग उलट्या चमच्यावरून हळूच काळी, कडवट स्टाऊट बिअर. काळी हलकी, म्हणून वर तरंगते. खाली मध, वर काजळ. मी बघतच राहिलो.

"हीच शॅम्पेनवर ओतली की ब्लॅक व्हेल्वेट. कुणा राजपुत्राच्या दुखवट्यात दारूलाही काळं नेसवलं म्हणे," आंतोन म्हणाला.

"दुखवट्याचं लग्नात नको," आतून रेजिनावहिनी म्हणाल्या.

"म्हणून तर ही बिअरवरची, ब्लॅक अँड टॅन. काळ्या-तांबूस कुत्र्याच्या रंगावरून पडलंय नाव, असं सांगतात."

"म्हणजे व्याह्यांना कुत्रा पाजणार."

आंतोनने फाटकावर फ्लेक्सही लावला होता. व्याह्यांचा फोटो, शेजारी हात जोडलेला आंतोन आणि वर हातभर इंग्रजी अक्षरांत पेयाचं नाव.

शेरन पाहुण्यांच्या थोडी आधी आली. फ्लेक्स वाचून तिचा चेहरा उतरला. "पप्पा, हे काढा. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी आयर्लंडात पाठवलेल्या शिपायांना हे नाव होतं. काळा आणि खाकी असा सरमिसळ गणवेश. त्यांनी गावं जाळली. तुमच्या व्याह्यांच्या आजोबांचं घरही. तिथे याला हाफ अँड हाफ म्हणतात."

आंतोन शिडीकडे धावला. "लेक द्यायच्या आधीच मी त्यांच्या तोंडावर..." मी शिडी लावून वर चढलो. दोरी सुटते तोच गाडी आली.

व्याही शॉन उतरले. त्यांनी फ्लेक्स वाचला. शेरन भराभर काहीतरी समजावत होती. मग त्यांनी कात्री मागितली, वरची नावाची पट्टी कापून काढली आणि उरलेला फ्लेक्स पुन्हा बांधायला मला खूण केली. ते शेरनला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" आंतोनने विचारलं.

"माझा एवढा मोठा फोटो आजवर कुणी छापला नव्हता, म्हणतायत," शेरन हसून म्हणाली.

जेवणाआधी सगळे प्रार्थनेला उभे राहिले, मीही माझ्या देवाला हात जोडले. मग आंतोनने हाफ अँड हाफ ओतली. चमचा धरायचा विसरला, दोन्ही थर एक झाले. शॉननी ग्लास रिकामा करून पुढे केला.

परत येऊन महिना झाला. आमच्या जत्रेचा फ्लेक्स दरवर्षी मीच लिहितो. यंदा छापण्याआधी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाऊन मोठ्याने वाचून दाखवला. तिथल्या एका म्हातारबांनी त्यांच्या वस्तीला हिणवणारा एक शब्द बदलायला सांगितला. इतकी वर्षं तो शब्द मी छापत होतो, आणि ते दरवर्षी त्याच्याखालून देवाला येत होते.